हाक्याचा वाटा

धसईला बदली झाली तेव्हा मला जी खोली मिळाली, तिच्या आढ्याला एक फाटका ढोल टांगलेला होता. घरमालकांनी अटी सांगितल्या त्या अशा: चपला ओसरीवर काढायच्या, मोबाइलची घंटी बारीक ठेवायची आणि त्या ढोलाला हात लावायचा नाही. धूळसुद्धा पुसायची नाही. भाड्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. ते त्यांच्या बायकोने, म्हणजे काकींनी, मागाहून सांगितलं. तेही समोरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने.

घरमालकांना सगळा बाजार ‘मास्तर’ म्हणायचा. शाळेशी त्यांचा संबंध सातवीतच तुटला होता. ते बँडमास्तर होते. घराच्या पुढच्या भागात बँडचं दुकान, म्हणजे भिंतीवर टांगलेले ट्रम्पेट, कोपऱ्यात झाकून ठेवलेला साइड ड्रम आणि दोरीवर वाळत घातलेले सोनेरी झालरीचे लाल कोट. मागच्या भागात ते दोघं आणि बाजूच्या खोलीत मी.

माझा समज असा होता, की बँडवाल्याच्या घरात राहायचं म्हणजे कान गहाण टाकायचे. झालं उलटंच. मास्तर घरात कुजबुजत बोलायचे. ताट ठेवताना त्याच्याखाली हात धरायचे. कुकरची शिट्टी झाली की कोणी थोबाडीत मारल्यासारखा चेहरा करायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “दिवसभर कानाशी ट्रम्पेट असतं डॉक्टर. घरी तरी कान उतरवून ठेवायला नको?”

काकी आतून ओरडल्या, “लगीन झालं तवा मला वाटलं नवरा मुकाच हाय. बापाला जाऊन बोलले पण, फसवलं आपल्याला!”

मास्तर हसले. हसतानाही त्यांचा आवाज येत नसे, फक्त खांदे हलायचे.

मी गुरांचा डॉक्टर. गाय अडली, बैलाचा खांदा सुजला, शेळ्यांना हगवण लागली, कोंबड्या माना टाकायला लागल्या, की माझं काम सुरू. रानातल्या जनावरांशी माझं देणंघेणं नव्हतं आणि ते मी सगळ्यांना स्पष्ट सांगत असे. मास्तरांना हे पटलेलं नव्हतं. एका लग्नाहून येताना त्यांना रस्त्याच्या कडेला पंख मोडलेलं घुबड दिसलं. ठेवायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी ते बँडमधल्या सगळ्यात मोठ्या वाद्याच्या, बासाच्या तोंडात बसवलं आणि वर आपली टोपी झाकली. असा तो बास त्यांनी माझ्या दारात आणून उभा केला.

“मास्तर, मी गुरांचा डॉक्टर आहे.”

त्यांनी टोपी उचलली. घुबडाने डोक्यावरचे तुरे ताठ केले नि माझ्याकडे रागाने पाहिलं.

“हा बघा की,” मास्तर कुजबुजले, “शिंगं हायत.”

मी पंख बांधून दिला. पुढे सायाळ आली, खोकड आलं, विजेच्या तारेला लागलेला एक गरुड आला. प्रत्येक वेळी मी तेच वाक्य म्हणालो आणि प्रत्येक वेळी शेवटी हातमोजे घातले. मास्तरांशी वाद घालण्यापेक्षा टाके घालणं सोपं होतं.

त्यांचा बँड म्हणजे एक अजब जमाव होता. बास वाजवणारे काका भातसानगरचे. धरणावर नोकरी करून निवृत्त झालेले, मुंबईला पाणी सोडण्यात आयुष्य गेलं असं सांगायचे. क्लॅरिनेट बाजारातल्या शिंप्याकडे. झांजवाला शहापूरचा, रोज आसनगावहून लोकलने कल्याणला कामाला जायचा आणि लग्नाच्या सीझनात पास वाया जातो म्हणून कुरकुरायचा. ढोल एका टमटम ड्रायव्हरकडे. यातल्या एकालाही आधी रानाची आवड नव्हती. मास्तरांच्या संगतीने ती लागली, म्हणजे लावून घ्यावी लागली. सुपारी घेतानाच मास्तर वधूपित्याला आणि वरपित्याला सांगायचे, की बँडपुढे फटाके वाजले तर बँड थांबेल. एका वरातीत कोणीतरी माळ लावलीच. मास्तरांनी हात वर केला, बँड थांबला आणि सगळेच्या सगळे जाऊन चहाच्या टपरीवर बसले. नवरदेव घोड्यावर, पुढे वाजणारं काही नाही. शेवटी नवरदेवाच्या मामाने उरलेल्या माळा आणून मास्तरांच्या ताब्यात दिल्या, तेव्हा ते उठले.

“वाजवता कोणालाबी येतं,” ते म्हणायचे. “थांबायचं कुठं ते कळलं पायजे.”

मृगाच्या आधी आमच्या बाजूला झाडांवर काजवे लागतात आणि ते पाहायला मुंबईच्या गाड्या लागतात. दिवे लावायचे नाहीत, झाडं हलवायची नाहीत, असं सांगणारे फलक होते. कोणी वाचत नव्हतं. एका संध्याकाळी मास्तर लाल कोट, खांद्यावर बिल्ले आणि तुऱ्याची टोपी अशा थाटात रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. गाडी आली की नुसता हात वर करायचे. गाडी थांबायची, दिवे विझायचे. एक गृहस्थ तर खाली उतरून सलाम करून म्हणाले, “सॉरी सर.” मास्तरांनीही सलाम केला. हा लाल कोटवाला कोणत्या खात्याचा, हे त्या गृहस्थांना अजून कळलेलं नसेल.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्या ढोलाची आणि घळीची.

ढोलाची गोष्ट त्यांनी मला एका दुपारी सांगितली. वीज गेली होती, मी खाटेवर उताणा पडून वर बघत होतो. ते दारात येऊन उभे राहिले.

“आमच्या आजाचा,” ते म्हणाले.

पूर्वी चैत्रात आसपासच्या गावांचे पुरुष मिळून शिकारीला जायचे. एका अंगाला जाळी लावायची आणि दुसऱ्या अंगाने ढोल, डबे बडवत, आरडाओरडा करत जनावरं जाळ्याकडे हाकत न्यायची. याला हाका म्हणतात. ढोल मास्तरांच्या आजाने वाजवायचा. “हौस नव्हती, डॉक्टर. गावानं लावून दिलेलं काम व्हतं. नाय बोलायची सोय नव्हती.” शिकार झाली की वाटे पडायचे. जाळीवाल्याचा वाटा, कुत्र्याचा वाटा, तसा ढोलवाल्याचाही एक वाटा, तो दारात आणून ठेवायचे. वाट्यात एक खूर असायचा, म्हणजे काय मारलं ते घेणाऱ्याला कळावं.

छप्पनच्या नंतर मास्तरांच्या घरची मंडळी बौद्ध झाली. आजाने ढोल आढ्याला टांगला आणि सांगितलं, आता वाजवणार नाही. पुढच्या चैत्रात गावाने डबे बडवून शिकार केली आणि तरीही ढोलवाल्याचा वाटा आजाच्या दारात आणून ठेवला. वाटा घेतला की काम घेतलं, असा त्याचा अर्थ. आजाने तो उचलला आणि ज्या घरातून आला होता, त्या घराच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवला.

“बोलला, ढोल नाय तर वाटा नाय. लय ऐकलं त्यानं त्याच्यापायी. विहिरीचं पाणी बंद केलं व्हतं. पण वाटा घेतला नाय.”

“मग तुम्ही बँड कसा काढलात?” मी विचारलं.

मास्तरांना हा प्रश्न आधी कोणीतरी विचारला असावा, कदाचित त्यांच्या वडिलांनी. उत्तर तयार होतं. “आजाला हाक मारून बोलवायचे. मला घरी येऊन सुपारी देतात. आन नको असली तर मी घेत नाय.”

ज्या घराच्या उंबऱ्यावर आजाने वाटा परत ठेवला, ते घर तात्यांचं. तात्या म्हणजे भाताचे व्यापारी. गाव घळीच्या पलीकडे, दुकान धसईच्या बाजारात. माणूस वाईट नव्हता हे सांगितलं पाहिजे. वजनात फसवायचा नाही, कोणाच्या घरी मयत झाली तर सगळ्यात आधी जाऊन लाकडांची सोय बघायचा, आणि माझ्याशी तर फारच अदबीने वागायचा. त्याच्या म्हशी मी बघायचो. फक्त चैत्र आला की त्याच्या अंगात वाडवडील यायचे. शिकारीला कायद्याने बंदी आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून बोलताना तो शिकार म्हणायचा नाही, ‘रानात फेरी’ म्हणायचा.

फेरी असायची त्या घळीतच. सिद्धगडाकडून येणारी डोंगराची सोंड आमच्या बाजूला उतरता उतरता एके ठिकाणी चिरली आहे. खाली ओहळ, दोन्ही अंगांना करवंदीची गच्च जाळी, वर खिंड. त्या घळीत भेकरांची एक जोडी होती. भेकर म्हणजे लहान चणीचं हरीण, पण ओरडतं कुत्र्यासारखं. सर्दी झालेल्या कुत्र्यासारखं म्हणा. मास्तर पहाटे तिकडे फिरायला जायचे आणि घरी येऊन काकींना सांगायचे, आज दोघांचा आवाज आला, आज एकाचाच आला. आपल्या व्याह्यांची खबर द्यावी तसं.

फेरीच्या आदल्या नाहीतर त्याच सकाळी मास्तर सगळा बँड घेऊन घळीत उतरायचे आणि वाजवायचे. पूर्ण ड्रेसमध्ये, कारण ड्रेस घातल्याशिवाय फुंक लागत नाही असं त्यांचं म्हणणं. कोणी विचारलं तर प्रॅक्टिस. बँडने प्रॅक्टिस करू नये असा काही कायदा नाही. त्या आवाजाने जनावरं घळ सोडून कुठल्या कुठे जायची आणि तात्यांच्या मंडळींना दिवसभर उन्हात फिरून करवंदं खाऊन परत यावं लागायचं. दोन-तीन वर्षं हे असंच चाललं. बाजारात भेट झाली की दोघांची जुगलबंदी मोठी ऐकण्यासारखी असे.

“काय मास्तर, रानात कोणाचं लगीन?”

“भेकराचं.”

“आमाला आवतान नाय?”

“तुमी आलात का वऱ्हाडी कमी व्हतात, तात्या.”

लोक हसायचे, तात्याही हसायचे. पण मास्तरांच्या पाठीमागे तात्या एकदा मला म्हणाले, “डॉक्टर, याचा आजा हाके द्यायचा. हा नातू आमाला अक्कल शिकवतो.” त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

ज्या वर्षी ते घडलं, त्या वर्षी फेरीचा दिवस बाजाराच्या दिवशी आला. मास्तर उजाडताच बँड घेऊन गेले, घळीत मनसोक्त वाजवलं आणि उन्हं चढायच्या आत परत आले. सगळे ओसरीवर ड्रेसमध्येच जेवायला बसले होते. भाकरी, सुकट आणि काकींचा आवाज. मीही होतो. भातसानगरचे काका सांगत होते, की आज वरच्या बाजूला पाला सळसळताना त्यांनी स्वतः पाहिला; गेली म्हणाले, दोन्ही गेली.

तेवढ्यात तात्यांचा गडी आला. त्याच्या हातात पत्रावळीत गुंडाळून सुतळीने बांधलेलं काहीतरी होतं. ते त्याने ओसरीच्या कडेला ठेवलं.

“तात्यांनी धाडलाय. हाक्याचा वाटा.”

कोणाला काही कळलं नाही. गड्याने मास्तरांच्या नजरेला नजर दिली नाही, पण सांगितलं सगळं. जाळी काल सांजेलाच वरच्या खिंडीत लावून ठेवली होती. आज हाके द्यायला कोणी गेलंच नाही. बँड खालून वाजवत आला आणि भेकर सरळ वर, जाळ्यात.

“तात्या बोलले, या वर्षी हाका तुमीच दिलात. रीत हाय, वाटा गेला पायजे.”

मास्तरांनी सुतळी सोडली. वर खूर होता. कोणी न विचारता मी सांगितलं, भेकराचा आहे. सांगायला नको होतं असं नंतर वाटलं, पण त्यांनाही तो दिसतच होता.

मी पुष्कळ जनावरं मरताना पाहिली आहेत आणि जनावरामागे रडणारी माणसंही. मास्तर रडले नाहीत. ते उठले, माझ्या खोलीच्या दारात गेले आणि वर ढोलाकडे बघत उभे राहिले. मला त्या वेळी तात्यांचा जेवढा राग आला, तेवढा कोणाचा आला नसेल. त्या माणसाने भेकर मारलं ते मारलंच. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याने पाण्यावाचून राहून जे काम खाली ठेवलं होतं, ते नातवाच्या हातात अलगद परत दिलं होतं. आणि नातवाने ते वाजवून घेतलंही होतं, लाल कोट घालून.

“चूक झाली ती तुमची नव्हे,” मी म्हणालो.

“वाजवलं कोणी?” मास्तर कुजबुजले.

मग ते ओसरीवर आले आणि म्हणाले, “ड्रेस उतरवू नका कोणी.”

त्या दुपारी धसईच्या बाजारातून बँड निघाला तो मी विसरणार नाही. पुढे मास्तर, दोन्ही हातांवर ती पत्रावळ. मागे ट्रम्पेट, क्लॅरिनेट, बास, ड्रम, ढोल, झांजा. सगळे ओळीने, पाय जुळवून, आणि वाजवत कोणीच नव्हतं. झांजवाल्याने झांजा छातीशी घट्ट धरल्या होत्या, चुकून एकमेकींना लागू नयेत म्हणून. बँड दिसला की लोक आधी आवाजाची वाट बघतात. आवाज येईना तशी भाजीवाल्या बाया उठून उभ्या राहिल्या. एका म्हाताऱ्याने टोपी काढली आणि शेजारच्याला विचारलं, “कोण गेलं रे?” मुरबाडची एस. टी. वळणावर आली, ड्रायव्हरचा हात भोंग्यावर होता, पण त्याने तो वाजवला नाही. काकी मागून चालत होत्या. त्याही गप्प होत्या, त्यामुळे मला परिस्थितीचा अंदाज आला.

तात्या त्या दिवशी मुद्दाम दुकानावर बसले होते. कोणी विचारलं तर मी बाजारात होतो म्हणायला बरं. ते तांदूळ मापत होते. मास्तरांनी पत्रावळ काट्यावर ठेवली. काट्यावर लाल आकडा उमटला, तो कोणी वाचला नाही.

“तात्या,” मास्तर म्हणाले. आवाज मोठा होता, बाजारभर जाईल एवढा. काकी नंतर म्हणाल्या, त्यांनीही तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. “तुमच्या आजानं आमच्या दारात वाटा धाडला, आमच्या आजानं तो परत केला. आज तुमी धाडलात, मी परत आणलाय.”

“अरे मास्तर, गंमत केली जराशी...”

“गंमत नाय. हाका मीच दिला. भेकर मीच खिंडीत घातलं, ते माझ्या डोक्यावर. पण वाटा मी घेणार नाय. आमच्या घरात घेत नाय.”

तात्यांनी पत्रावळ काट्याखाली सरकवायला हात पुढे केला. तेव्हा गर्दीतून एक बाई पुढे आली. ती आमच्या भागातली वनरक्षक, मूळची शहापूरची. सुट्टी होती, साध्या साडीत होती, हातातल्या पिशवीतून मेथी बाहेर आलेली. पिशवी तिने खाली ठेवली.

“तात्या,” ती म्हणाली, “त्याला आता हात लावू नका.”

पुढचं सरकारी पद्धतीने झालं. खिंडीत जाळी सापडली, कातडं सापडलं. मादी होती. ते मला लिहून द्यावं लागलं, आणि मी गुरांचा डॉक्टर आहे असं या वेळी म्हणालो नाही. मास्तरांनी वनरक्षक मॅडमना वेगळाच त्रास दिला. जबाब द्यायला बसले आणि म्हणाले, आरोपी लिहाल त्यात पहिलं नाव माझं घाला.

“तुमचं कशाला, मास्तर?”

“हाका देणारा बी गुन्हेगार असतो ना कायद्यात?”

“तुम्ही वाचवायला वाजवलंत.”

“भेकराला ते कुठं ठाऊक व्हतं?”

मॅडमनी नाव घातलं नाही. मास्तर त्यांच्यावर काही दिवस रुसले होते. जबाब दिला त्या संध्याकाळी मात्र ते माझ्या खोलीत आले, स्टुलावर चढले आणि ओल्या फडक्याने ढोल पुसला. सगळी धूळ माझ्या अंथरुणावर पडली. मी स्टूल धरून उभा राहिलो.

तात्यांना मुरबाडच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या आणि मास्तरांच्या दारात येणाऱ्या सुपाऱ्या थांबल्या. कोणी बोललं नाही, कोणी भांडलं नाही. लग्नं होत राहिली, फक्त त्यांत कल्याणचा डीजे वाजू लागला. टमटमवाला टमटमकडे गेला, शिंपी मशीनवर बसला, झांजवाल्याचा पास पहिल्यांदाच वसूल होऊ लागला. भातसानगरचे काका तेवढे अधूनमधून यायचे, बास पुसायचे आणि चहा पिऊन जायचे. काकी शेजारणीला सांगायच्या, “आमचे हे नि तो फाटका ढोल, दोघं बी आता टांगलेलेच गो.” बोलताना हसायच्या, पण घर चालवायला त्यांनी पापड लाटायला घेतले होते आणि ते हसण्यासारखं नव्हतं.

मास्तर रोज पहाटे घळीत जायचे. वाजवायला नाही, ऐकायला. नर तरी राहिला आहे का, की त्या दिवशीच्या धावपळीत तोही कुठे कड्यावरून गेला, एवढंच त्यांना हवं होतं. परत आले की काकी चुलीपाशी बसूनच विचारायच्या, “काय?” मास्तर मान हलवायचे. नाही. पावसाळा गेला, थंडी गेली. मी त्यांना एकदा समजावलं, की जनावर जागा बदलतं, आवाज नाही म्हणजे मेलंच असं नाही. ते म्हणाले, “व्हय, डॉक्टर,” आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा गेले. मला त्यांची कीव यायची आणि त्या हट्टाचा कंटाळाही यायचा. दोन्ही खरं आहे.

मग माझी बदली शहापूरला झाली. खोली सोडताना मास्तरांनी मला निरोपादाखल एक जुनं बिगूल दिलं. मी ते वाजवणार नाही याची त्यांना खात्री असावी.

त्यानंतरच्या लग्नसराईत एका दुपारी काकींचा फोन आला. काकींशी बोलताना फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो.

“तात्यांच्या पोराचं लगीन हाय. बँड आपला. तुमी या.”

मी म्हटलं, कोणते तात्या?

“तेच गो बाई!” काकी म्हणाल्या. घाईत त्यांना पुरुष-बाई असा फरक उरत नसे.

झालं होतं असं. तात्यांची म्हातारी आई अजून धडधाकट होती. आजाने उंबऱ्यावर वाटा आणून ठेवला, तेव्हा ती त्या घरात नवी सून होती. तिने तात्यांना सांगितलं, की ज्याच्या दारातून वाटा परत आला, त्याला मानाने घरी आणल्याशिवाय या घरात हळद लागू देणार नाही. मागच्या वेळी आणलं नाही, ते तिच्या सासूला शेवटपर्यंत सलत होतं. आता दुसऱ्यांदा झालं. तात्यांनी आठवडाभर तिला डीजेचं कौतुक सांगून पाहिलं. म्हातारीने जेवण सोडलं. मग तात्या स्वतः पानसुपारी घेऊन मास्तरांच्या ओसरीवर आले.

“वाजवणार का?”

“वाजवीन,” मास्तर म्हणाले. “घळीच्या तोंडापासून मारुतीच्या देवळापर्यंत नाय वाजवणार.”

“मुकी वरात नेऊ का मी पोराची?”

“येवढाच तुकडा.”

तात्या सुपारी मास्तरांपुढे ठेवून गेले.

लग्न मुरबाडला हॉलमध्ये लागलं आणि वरात दिवस मावळायच्या सुमाराला तात्यांच्या गावच्या वाटेला लागली. मी मोटारसायकल धसईत लावून चालत गाठली. बँड जोरात होता. भातसानगरच्या काकांचे गाल फुगले होते, पोरं नाचत होती, नवरा-नवरी फुलं लावलेल्या जीपमध्ये घामाघूम. तात्या पुढे फेटा बांधून. मास्तर थकलेले वाटले, कोट खांद्यावर सैल झाला होता, पण हात तसाच चालत होता.

घळीचं तोंड आलं आणि मास्तरांनी हात वर केला. बँड बंद झाला. नाचणारी पोरं भांबावून थांबली. जीपवाल्याने इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली, हे त्याला कोणी सांगितलं होतं की त्याला आपणच सुचलं, माहीत नाही. शेदोनशे माणसं नुसती चालत होती. वहाणांचा आवाज, बायकांच्या बांगड्यांचा आवाज, कुठे तरी एक मूल किरकिरत होतं.

तेवढ्यात घळीतून भुंकल्याचा आवाज आला. घोगरा, तुटका. थांबून पुन्हा एकदा.

“कुत्रा,” एक पोरगा म्हणाला.

“गप रे,” तात्या म्हणाले. त्यांची मान आवाजाच्या दिशेला गर्रकन वळली होती, वाडवडिलांची मान. क्षणभर मला वाटलं, आता हा माणूस डोळ्यांनी वाट शोधणार, खिंड शोधणार. पण तात्यांनी मास्तरांकडे पाहिलं आणि हळूच, अगदी मास्तरांच्या घरातल्यासारखं कुजबुजून म्हणाले, “ऱ्हायलाय मास्तर. एक ऱ्हायलाय.”

मास्तरांचा चेहरा मला दिसत नव्हता, ते पुढे होते. काकी बायकांच्या घोळक्यात होत्या. त्यांनी लांबूनच भुवया उडवून विचारलं, काय? मास्तरांनी मागे वळून होकाराची मान हलवली. काकींनी पदर तोंडाला लावला.

मारुतीचं देऊळ आलं. ठरल्याप्रमाणे बँड सुरू व्हायला हवा होता. शिंप्याने क्लॅरिनेट तोंडाला लावून ठेवलं होतं, काकांनी श्वास भरून घेतला होता, सगळे मास्तरांच्या हाताकडे बघत होते. देऊळ मागे पडलं, तात्यांच्या मांडवाचे दिवे दिसायला लागले, तरी तो हात खाली आला नाही, आणि ‘वाजवा’ असं कोणी म्हणालं नाही.